तळटीपांसकट उत्तर

दंगलीनंतर पलीकडच्या वस्तीत राहायला गेलेल्या मित्राने मास्तरांना लिहिलं होतं, "त्या दिवशी जमावात मीही होतो. चुकलो. भेटायला येऊ का?" त्या पत्राचं उत्तर राहूनच गेलं. आपल्या हातून भलतंच काही लिहिलं जाईल, या धास्तीने निवृत्तीनंतर मास्तरांनी दुभंगलेल्या समाजांतल्या समेटावर चक्क एम.ए. केलं. मग उत्तराचा मसुदा बायकोपुढे ठेवला, तळटीपांसकट.

"अहो, हे पत्र आहे की प्रबंध? भावजींनी विचारलंय काय?"

"येऊ का, म्हणून."

"मग? त्यांनी यावं असं वाटतं ना तुम्हाला?"

"पत्र आलं त्या दिवसापासून."

कोऱ्या कागदावर 'ये' एवढंच लिहून मास्तरांनी पाकीट टपालपेटीत टाकलं आणि शीळ घालत घरी परतले.