मोठ्या बाईंना कोण सांगणार?

मोठ्या बाईंनी चर्चच्या सज्ज्यातल्या ऑर्गनवर गौरवगीत संपवलं, तेव्हा गायकवृंदाचं एक कडवं अजून बाकी होतं. गायकवृंदाचे प्रमुख टेलरमास्तर. त्यांनी डोळे मोठे करून खूण केली आणि उरलेलं कडवं सगळ्यांनी तसंच, साथीशिवाय गाऊन टाकलं. खाली बाकांवर कोणी मानसुद्धा वर केली नाही. सवय झाली होती.

बाईंना ऐकू येईनासं झालं होतं. आधी डावा कान गेला, मग उजवाही त्याच वाटेने निघाला. गेल्या महिन्यात फादर प्रवचनात श्वास घ्यायला थांबले. बाईंना वाटलं, संपलं. त्यांनी दणक्यात पुढचं गीत सुरू केलं. फादर तरुण होते, बदली होऊन नुकतेच आलेले. ते वेदीकडे वळले आणि त्या रविवारी स्वर्गाविषयीचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

आता चर्चच्या संताचा सण बारा दिवसांवर आला होता. खुद्द बिशप येणार होते. रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा, संपल्यावर मागच्या खोलीत, झग्यांच्या कपाटासमोर, तिघं दार लावून बसले. फादर, टेलरमास्तर आणि औषधवाल्यांची नवी सून. ही सून माहेरच्या चर्चमध्ये पाच वर्षं ऑर्गन वाजवत होती, ही बातमी मास्तरांनी कपडे शिवता शिवता काढली होती.

"वाजवीन की," सून म्हणाली. "पण बाईंना उठवून नाही. सासूबाई मला घरात घ्यायच्या नाहीत."

"मास्तर, तुम्ही बोला त्यांच्याशी."

"मी? फादर, त्यांनी मला पाढे शिकवलेत. पन्नाशी उलटली माझी, पण त्या समोर आल्या की अजून हात मागे लपवतो."

खरी अडचण तीच होती. निम्म्या गावाला बाईंनी शाळेत बदडलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांच्या लग्नात ऑर्गन वाजवला होता. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला शेवटी फादरच उरले. ते ना त्यांच्या वर्गात होते, ना त्यांचं लग्न झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फादर बाईंच्या घरी गेले. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. खिडकीपाशी भिंग लावून ते कुणाच्या तरी मनगटी घड्याळात डोकं घालून बसले होते. बाईंनी चहा ठेवला. फादरांनी रात्री तीन-चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. त्यातलं पहिलं त्यांनी हळुवारपणे म्हटलं.

"बाई, देव प्रत्येकाला सेवेचा एक काळ देतो..."

"काय?"

"सेवेचा काळ!"

"हो, घाला ना. साखर तिथेच आहे."

फादरांनी खुर्ची पुढे ओढली. "आता थोडी विश्रांती घ्यावी, असं नाही वाटत तुम्हाला?"

"नाही हो, बिस्किटं घरात नाहीत. केक देऊ?"

फादरांची पाठ केलेली वाक्यं एकेक करून निसटली. शेवटी सगळा धीर गोळा करून ते ओरडले, "बाई, तुम्हाला ऐकू येत नाही!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. रस्त्यावरून चाललेला सायकलवाला थांबला. यजमानांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. फादरांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

बाईंनी कपबशी खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं.

"सुटले," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं वाट बघतेय. म्हटलं, एकाला तरी हिंमत होईल. पण सगळे मेले सभ्य! मी चुकले की मास्तर माझ्याकडे बघून हसतो. मला वाटलं, दुसरं वाजवणारं कोणी नाही, म्हणून चालवून घेताय. म्हणून मीही आपली रेटत राहिले."

"आणि आम्हाला वाटलं," फादर पुन्हा ओरडले, "तुम्हाला वाईट वाटेल!"

"हळू बोला, फादर," यजमान म्हणाले. "शेजारच्यांना ऐकू येतं."

औषधवाल्यांच्या सुनेला त्याच संध्याकाळी बोलावणं गेलं. पुढचे दहा दिवस बाई तिला घेऊन ऑर्गनपाशी बसल्या. सूर तिला येत होतेच. बाईंनी माणसं शिकवली. मास्तर शेवटचा सूर ओढतात, त्यांना ओढू दे. दुसऱ्या रांगेतल्या दोघी एकमेकींकडे बघून घाई करतात, तेव्हा तू हटकून संथ वाजव.

सणाच्या सकाळी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाई यजमानांच्या शेजारी, खाली बाकावर बसल्या होत्या. प्रवेशगीत सुरू झालं, बिशप मधल्या वाटेने वेदीकडे निघाले. सुनेचा एक सूर चुकला नाही. पण वेदीवरून फादरांचं लक्ष पुन्हा पुन्हा बाईंकडे जात होतं. बाई रडत होत्या. वाचन झालं, अर्पण झालं, भाकर उंच धरली गेली, तरी डोळ्यांचं पाणी थांबेना. फादरांनी मनाशी म्हटलं, बाईंचा जीव की प्राण असलेला ऑर्गन आपण काढून घेतला, दुसरं काय.

मिस्सा संपताच ते झगा न उतरवताच अंगणात धावले. बाई गर्दीत उभ्या होत्या, नाक लाल झालेलं. फादरांनी आजूबाजूला न बघता आवाज चढवला.

"बाई, फार वाईट वाटलं का?"

सगळं अंगण वळून बघायला लागलं. बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी फादरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"वाईट कसलं? वर सज्ज्यात ऑर्गन भिंतीला टेकवलेला आहे, फादर. चाळीस वर्षं मी देवाकडे पाठ करून मिस्सा वाजवला. आज पहिल्यांदा बघितला."