पायाळूचा पाय

सास्तूरची दगडाबाई पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. तिचा पाय लागला की धरलेली कंबर सुटते म्हणून सगळं गाव तिच्यापुढं पालथं पडायचं. जन्मभर लोकांच्या कंबरा तुडवून ती शिणली होती. आता तिचीच शीर खुब्यापासून टाचेपर्यंत आखडली. उजवा पाय तर पार बधिर. पण गावात दुसरं पायाळू कोण होतं? भर दुपारी ती तशीच पालथी पडली.

खुब्यावर कुणीतरी पाय ठेवला.

"निकिता, तू कुठं पायाळू हाईस? उगं कशाला पाय देतीस?"

"मी अंगणात हाय, आत्या. धुणं वाळत घालायलेय," बाहेरून सून म्हणाली.

पाय दाबतच राहिला. शीर सुटत गेली. जीव आला का बघायला दगडाबाईनं आपल्या उजव्या पायाचा अंगठा हलवला.

तो तिच्या खुब्यावर हलला.