शेवटची बारीक ओळ

डोळे तपासायचा तक्ता मला तोंडपाठ होता. गेल्या महिन्यात स्वतःच्या चष्म्यासाठी याच दवाखान्यात आलेल्या नातीनं तो वहीत उतरवून आणला आणि आठवडाभर माझ्याकडून घोटून घेतला. गाडीचं लायसन्स वाढवून घ्यायला दाखला हवा होता. तिचे आईबाबा दूरगावी नोकरीला, आजीला गाडी येत नाही, म्हणजे शाळेत सोडणारा मी एकटाच. आज नात दप्तरासकट शेजारी उभी होती. खुर्चीत टेकताच मी गाडीची किल्ली मुठीत आवळून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून मोकळा झालो. “छान,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण आजोबा, तक्त्यामागचा दिवा अजून लावलेलाच नाही.” मी किल्ली टेबलावर ठेवली. नातीनं ती उचलून दप्तरात टाकली. “शाळा चालत वीस मिनिटं, आजोबांबरोबर चाळीस,” तिनं डॉक्टरांना सांगितलं आणि माझ्याच सकाळच्या सुरात मला म्हणाली, “उद्यापासून लवकर उठायचं. कुरकुर चालणार नाही.”