रिकाम्या खाटेवरचा मास्क

चौकशी समितीचा निष्कर्ष असा, की माझ्या वडिलांचा श्वास थांबल्यानंतरच त्यांच्या तोंडावरचा मास्क काढण्यात आला; आणि त्यांच्या यंत्रातून आजही येणारा आवाज निव्वळ हवेच्या गळतीचा आहे.

समितीच्या विद्वत्तेपुढे मान तुकवून एवढेच म्हणतो, की हे यंत्र घशात नळी न घालता मास्कमधून हवा देते, आणि तीही रुग्णाने स्वतः श्वास ओढला तरच. शिवाय गळतीला ताल नसतो. रिकाम्या खाटेच्या कठड्याला अडकवलेला हा मास्क मात्र दोन आखूड श्वास घेतो, थबकतो, मग एक लांब घेतो. विषाणूने फुप्फुसे पोखरल्यापासून बाबा नेमका असाच श्वास घेत होते.

"बंद करून पाहिलंत?" मी थकून विचारले.

"दादा, वायर काढली, बॅटरी काढली," परिचारिका म्हणाली. "आता काय, त्याचं तोंड दाबू?"

मास्कच्या आतल्या बाजूला वाफ धरली, विरली, पुन्हा धरली.

दारात डॉक्टर उभे होते. कित्येक दिवस पाठ न टेकलेल्या माणसासारखे ते चौकटीला टेकले, आणि खाटेकडे न पाहता बोलले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो:

"यंत्र एकच होतं. तुमचे वडील श्वास घेत असतानाच मी मास्क काढला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंना लावला. त्याही तसाच श्वास घ्यायला लागल्या. दोन आखूड, एक लांब. म्हणून मी त्यांचाही काढला."