मुळीचं औषध

"सुनेच्या रक्ताच्या नळ्या भरभरून नेल्यात, पण तिची पाळी का थांबली, हे एकदा तरी विचारलंत का?" प्रणिताच्या सासूने टेबलावर हात आपटला.

मोठे डॉक्टर हसले. हसायला त्यांचं काय जात होतं? सांधेदुखीवरच्या चिनी मुळीच्या औषधाची चाचणी त्यांच्याच हाताखाली चालली होती, आणि सासूशेजारी बसलेली प्रणिता त्या चाचणीतलीच एक रुग्ण होती. "अहो आजी, रिपोर्ट बघा की. रक्तातली सूज दाखवणारा आकडा पार खाली आलाय. औषध लागू पडलं!"

खोटं नव्हतं ते. प्रणिताला आता स्वतःची वेणी घालता येत होती. म्हणून तर पाळी चुकली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, दुखणं गेलं, आता पाळणा हलणार. सासूने हौसेने चिंचा आणल्या, आळीभर सांगून टाकलं. काल सोनोग्राफीत पोटात काहीच दिसलं नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची बाटली पाहून कपाळाला हात लावला. "या मुळीने पाळी बंद पडते. परत येईलच असं नाही. तुम्हाला कुणी बोललं नाही?"

"पाळी आमच्या अभ्यासात येत नाही," मोठे डॉक्टर आता रिपोर्टकडे बघत म्हणाले.

सासूला रडू फुटलं. प्रणिता रडली नाही. दाराशी खुर्ची ओढून ती वाट अडवून बसली.

"अभ्यासात येत नाही, हे कळलं. तुम्हाला आधीपासून माहीत होतं की नव्हतं, तेवढं सांगा."