चुलीच्या उजवीकडचं ताट

“तिथे नको, चार हात खाली,” प्रेंग म्हणाला आणि त्यानं कुदळ हाणली.

“अरे बाबा, कैद्यांचा ट्रक मी चालवत होतो की तू?” सेल्मानकाकानं अक्रोडाच्या बुंध्यावर काठी आपटली. “खड्डा इथेच होता.”

“वीस वर्षांत माती उतारानं सरकते, काका.”

प्रेंगची धाकटी बहीण दिला चादर घेऊन कडेला उभी होती. तिला बापाची हाडं हवी होती. कबरस्तानात आईशेजारची जागा तिनं राखून ठेवली होती. दफनाचं जेवणसुद्धा सकाळीच रांधून आली होती.

जो नंतर देशाचा नेता झाला, तो युद्धात फरारी होता, तेव्हा ज्योननं, तिच्या बापानं, त्याला तीन आठवडे माळ्यावर लपवलं होतं. कुत्रं भुंकलं की नेता रडायचा. मग भर हिवाळ्यात ज्योननं त्याला खिंडीपलीकडे पोचवलं. त्या बर्फात ज्योनच्या डाव्या हाताची करंगळी गेली.

पुढे नेता राजधानीत, तिरानात, सत्तेवर बसला. आधी त्यानं शत्रू मारले, मग पाद्री, मग सोबत लढलेले कॉम्रेड. शेवटी उरले ते, ज्यांनी त्याला रडताना पाहिलं होतं.

गावच्या चौकात त्याचं तीन मजली चित्र लागलं. ज्योन गुत्त्यात एवढंच म्हणाला, “एवढा मोठा होता, तर माझ्या माळ्यावर मावला कसा?”

संध्याकाळी त्याला उचललं. तीन दिवस आई आणि दिला चौकीच्या भिंतीबाहेर उभ्या राहून त्याच्या किंकाळ्या ऐकत होत्या. चौथ्या दिवशी काही ऐकू आलं नाही. प्रेंग तेव्हा एकोणीस वर्षांचा, फौजेत, पार समुद्राकाठच्या ठाण्यावर. तो परतल्यावर दोघींनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही.

कुदळ हाडाला लागली.

खड्ड्यात पाच जण निघाले. चौघे पालथे, मनगटांना तार, कवटीत मागून भोक. पाचवा उताणा होता. त्याची तार सोडलेली, हात छातीवर. डाव्या हाताला करंगळी नव्हती. उशाशी एक रिकामं काडतूस.

दिला गुडघ्यांवर बसली. बराच वेळ तिनं त्याच्या कपाळावरची माती पुसली.

“हे कुणी केलं, काका?”

“आम्ही तर लाथेनं ढकलायचो, पोरी. पडेल तसा पडला.” सेल्माननं टोपी काढली. “पाच कैदी, पाच कोवळे शिपाई, लांबलांबच्या ठाण्यांवरून आणलेले. तोंडाला फडकी बांधलेली. कोण कुणाला मारणार, ते वरून लिहून आलेलं. नाही म्हणेल त्याला त्याच खड्ड्यात. गोळ्या झाल्यावर एक पोरगा खाली उतरला. मला वाटलं, घड्याळ काढतोय.”

“पहाडातला असणार,” दिला म्हणाली.

“कशावरून? आम्हा दक्षिणेकडच्यांना तुमचं काही कळत नाही.”

“आमच्यात ज्यानं मारलं, त्यानंच मेलेल्याला उताणा करायचा, आपली बंदूक त्याच्या उशाशी ठेवायची. आणि दफनाच्या जेवणाला यायचं. त्या जेवणापुरता त्याला कुणी हात लावत नाही.”

“बिचाऱ्याकडे सरकारी बंदूक. ठेवणार कुठली?”

“दिला, चादर दे,” प्रेंग म्हणाला. हाडं त्यानं एकट्यानंच वेचली.

दुपारी ज्योनला आईशेजारी ठेवलं. घरी दिलानं मक्याची भाकरी, घेवडा आणि चीज वाढलं. एक ताट तिनं चुलीच्या उजवीकडे, सगळ्यांपासून वेगळं मांडलं.

“हे कुणाचं?” सेल्माननं विचारलं.

“मारणाऱ्याचं.”

“म्हणजे नेत्याचं! तो उठून येतोय होय तिरानाहून? मऊ गादीवर कधीच मेला तो.”

“नाही येणार. पण ताट मांडायचं असतं. रिकामं राहिलेलं लोकांनी बघू दे.”

शेजारी भिंतीला टेकून बसले. थोरला मुलगा म्हणून यजमानाच्या जागेवर प्रेंग होता. त्यानं भाकरी मोडली, एकेकाच्या हातात तुकडा दिला. आधी सेल्मानला, मग शेजाऱ्यांना. शेवटचा तुकडा दिलाच्या हातात ठेवला.

“आता या जागेवर तू बस,” तो म्हणाला.

मग तो उठला, चुलीच्या उजवीकडे गेला आणि त्या ताटावर जेवायला बसला.