अठरावं खातं

नव्या डिस्कवर सतरा खाती परत आली. अठरावं आलं नाही.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ताईंनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. रुग्णालयाच्या तळघरातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर किरणोपचार विभागात काम केलेल्या प्रत्येकाचं एक खातं होतं आणि ज्याच्या त्याच्या खात्यात त्याच्या पेशंटांच्या फायली. सकाळी जुनी डिस्क किंचाळायला लागली, तेव्हा ताईंनी घाईघाईनं सगळं टेपवर उतरवलं, डिस्क बाहेर काढली, नवी बसवली आणि टेपवरून भरायला घेतलं. मास्तरांचं खातं टेपवर नव्हतंच.

का नव्हतं ते त्यांना लगेच उमगलं. मास्तर म्हणजे कुणाला किती किरण द्यायचे ते ठरवणारे जुने तज्ज्ञ. अख्ख्या विभागाला शिकवलं म्हणून मास्तर. अकरा वर्षांपूर्वी ते वारले, त्याच आठवड्यात ताईंनी स्वतः त्यांच्या खात्यापुढे ‘बंद’ अशी खूण केली होती. बंद खाती टेपवर जात नाहीत. नव्या माणसांना हे त्याच शिकवायच्या. म्हणजे अकरा वर्षांतल्या एकाही टेपवर मास्तर नव्हते. त्याआधीच्या टेपा ओल लागून चिकटल्या होत्या, कागद तर कधीच रद्दीत गेले होते.

वर दुसऱ्या मजल्यावर, डॉक्टरांच्या खोलीबाहेर, शाळेची बस चालवणारी एक बाई बसली होती. ती सहा वर्षांची असताना पाठीतल्या गाठीवर मास्तरांनी किरण दिले होते. आता गाठ पुन्हा तिथेच आली होती. डॉक्टरांना एकच आकडा हवा होता, तेव्हा तिच्या मज्जारज्जूला किती किरण गेले तो. तासाभरापूर्वीच ताईंनी फोनवर सांगितलं होतं की सगळं उतरवून घेतलंय, काळजी नको.

फोन वाजला. डॉक्टरच होते. थाप मारावी असं क्षणभर ताईंच्या मनात आलं, पण जीभ वळेना. एक खातं राहिलंय म्हणाल्या, आणि कुणाचं तेही सांगितलं.

“ताई, अंदाजानं किरण दिले आणि जास्त झाले तर तिचे पाय जातील,” डॉक्टर म्हणाले. “दिलेच नाहीत, तर ती जाईल.”

जुनी डिस्क टेबलावर वर्तमानपत्रावर पडली होती, विटेएवढी, अजून कोमट. एवढी जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेल याचा भरवसा नाही. ताईंनी ती लांब वायरीनं नवीच्या जोडीला लावली. बटण दाबलं. नवी डिस्क गुणगुणली. जुनी मुकीच.

मेलेल्या माणसाचं खातं बंद केलं यात काय चुकलं, असं मन म्हणत होतं. आणि तेच मन विचारत होतं, डिस्क काढण्याआधी अठरा नावं मोजायला किती वेळ लागला असता? टेप घेतली म्हणजे झालं नाही, ती वाचून बघितली म्हणजे झालं, असं मास्तर म्हणायचे. त्यावर सगळे हसायचे. ताईसुद्धा.

त्यांनी डिस्क डाव्या तळहातावर सपाट धरली, बटण बंद करून पुन्हा दाबलं आणि मनगटाला झटका दिला, बरणीचं घट्ट झाकण फिरवावं तसा. काही नाही. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी आतून कुरकुर आली, मग शिट्टी, मग सकाळचंच ते किंचाळणं.

खाली ठेवायची हिंमत होईना. डावा हात तसाच अधांतरी ठेवून त्यांनी उजव्या हाताच्या एका बोटानं आज्ञा टाइप केली, फक्त मास्तरांचं खातं नव्या डिस्कवर घ्यायची. फायलींची नावं पडद्यावर सरकू लागली. एकूण चारशे बारा होत्या. दोनशेच्या पुढे किंचाळणं घोगरं झालं. खांदा भरून आला, बोटं बधिर झाली. तीनशे साठवर यादी थांबली. ताईंनी श्वास रोखला. देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, न जाणो ओठ हलले तर हात हलेल. यादी सरकली. तीनशे अठ्ठ्याण्णववर आत काहीतरी खरवडलं आणि डिस्क कायमची गप्प झाली.

चौदा फायली गेल्या. बाईचा जुना केस नंबर ताईंना तीनदा टाइप करावा लागला, दोनदा बोट भलत्याच आकड्यावर पडलं.

फाईल आली होती. आकडा होता. ताईंनी तो डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवला. आणखी किरण देता येतील, जपून, थोडे थोडे, असं डॉक्टर म्हणाले, आणि फोन ठेवायचं विसरले.

आकड्याखाली मास्तरांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. ताईंनी त्या कागदावर उतरवल्या आणि चार दिवसांनी, बाईचा उपचार सुरू व्हायच्या वेळी, यंत्राच्या खोलीबाहेर बसणाऱ्या तंत्रज्ञाला नेऊन दिल्या.

‘मुलगी फार घाबरते. आकडे मोजायला सांगितलं की हलत नाही. चाळीसपर्यंत येतात.’

त्यानं वाचून काचेतून पाहिलं. बाई टेबलावर पडली होती, मुठी घट्ट आवळलेल्या. त्यानं माइकचं बटण दाबून विचारलं, यंत्र चालू असेपर्यंत आकडे मोजाल का?



“मोजते,” बाई म्हणाली. “आता चाळीसच्या पुढचेही येतात.”